होस्नियाचे हुकलेले दिवस

जावा बेटावरच्या बोंदोवोसोच्या त्या गल्लीत घरोघरी तापे, म्हणजे खमिरानं मुरवलेले गोड कंद, लावतात, पण सहातीबुढीच्या घरचं तापे नाव घेऊन मागितलं जाई. खरं तर गेली नऊ वर्षं ते लावत होती तिची सून होस्निया. पिवळे कसावाचे कंद सोलायचे, वाफवायचे, सुपात गार करायचे, वर खमिराची पूड भुरभुरायची आणि केळीच्या पानात गुंडाळून बांबूच्या टोपलीत दोन दिवस निजवायचे. नेम एकच. पाळीच्या दिवसांत बाईनं खमिराला हात लावायचा नाही. नाहीतर तापे आंबट होतं, लाल पडतं.

बाकीच्या बायकांना हा नेम महिन्यातले पाच-सहा दिवस. होस्नियाचं गणितच वेगळं. तिची पाळी कधी सव्विसाव्या दिवशी येई, कधी पन्नास दिवस पत्ता नसे. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. त्यामुळे पस्तिसावा दिवस उलटला की तिची चाल बदले. जड टोपली उचलताना हात आपोआप पोटाशी जाई. नवरा मोर्सिद काही विचारत नसे, पण बाजारातून येताना तिला आवडणारी कच्ची आंबट फळं घेऊन येई. आणि मग एखाद्या सकाळी सगळं संपे. ती मोरीत बसून लुगडं धूत राही, आणि फळं कोपऱ्यात सुकून जात.

गेल्या दोन वर्षांत आणखी एक भर पडली. पाळी संपून आठ-दहा दिवस झाले की पुन्हा डाग. कधी दोन दिवस, कधी पाच.

"हिचा महिना चंद्र बघून येत नाही गं," सहातीबुढी शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणायची. "हिला वाटेल तेव्हा येतो, पाहुण्यासारखा. आणि जाता जात नाही."

होस्निया मान खाली घालून कंद सोलत राही. सोलायला परवानगी होती.

त्या वर्षी रमजान लागला. अर्धा महिना सरला, आणि होस्निया पुन्हा नमाजघराच्या मागच्या पायरीवर बसली होती, कारण पाळीत नमाज नाही की रोजा नाही. आत बायकांच्या ओळी उभ्या राहायच्या, पांढरे झगे एकदम वाकायचे, एकदम उठायचे. गेल्या रमजानलाही ती निम्मा महिना याच पायरीवर होती. एक दिवस दुपारी मौलवींची बायको, न्याई मुनावरा, तिच्या शेजारी येऊन बसली.

"पुन्हा इथंच दिसतेस. काय झालंय?"

"थांबतच नाही, न्याई. पाळी संपून दहा दिवस झाले, परवापासून पुन्हा सुरू."

"पाळी किती दिवस असते तुझी?"

"सहा. फार तर सात."

न्याईनं बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "दोन पाळ्यांच्या मधे पंधरा दिवस तरी कोरडे हवेत. मग हे पाळीचं नाही, पोरी. हे आजाराचं रक्त आहे. न्हाऊन घे, कापडाची घडी बांध, दर नमाजेला नव्यानं हात-पाय-तोंड धुऊन वजू कर आणि ओळीत उभी राहा. रोजाही धर, अंगात ताकद असेल तर."

"चालतं?" होस्नियाचा आवाज फुटला.

"चालतं म्हणजे? आजाऱ्याला अल्लानं दाराबाहेर बसवलेलं नाही. तुला तुझ्याच अज्ञानानं बसवलं, आणि आम्ही कुणी विचारलं नाही, तो आमचा दोष. पण आजार आहे म्हटल्यावर दवाही बघायची. उद्या दवाखान्यात सुईणीकडे, बू रेत्नोकडे जा. कळलं?"

घरी येऊन होस्निया न्हाली आणि सरळ खमिराच्या डब्यापाशी गेली. सासू ओरडत आली, "अगं, नासवशील!"

"एब्बू, हे पाळीचं नाही. न्याईंनी सांगितलंय."

न्याईंचं नाव आल्यावर म्हातारी मागं सरली. दोन दिवसांनी रोजा सुटल्यावर टोपली उघडली, तर तापे मधासारखं. म्हातारीनं एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. "यंदा कंदच चांगले निघालेत," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यातल्या सुईणीनं, बू रेत्नोनं, आधी तपासणी केली. पोटात मूल नव्हतं. होस्नियाला ठाऊकच होतं, तरी तिनं पुन्हा एकदा विचारलं.

"शेवटची पाळी कधी? त्याआधीची?" बू रेत्नो विचारत गेली. "पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. एकवीस ते पस्तीस दिवस ठीक. तुझं पन्नासवर जातंय आणि मधेच डाग पडतात. दोन वर्षं? आणि आत्ता येतेस?"

"लाज वाटायची."

"लाजेला औषध नाही माझ्याकडे. बाकीच्याला असेल."

तिच्या चिठ्ठीवर मोर्सिदनं तिला शहरात मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, गर्भाशयाच्या आत अंगठ्याच्या पेराएवढा मांसल कोंब होता. मधले डाग त्याचे. शिवाय बीज दर महिन्याला सुटत नव्हतं, म्हणून पाळी लांबायची. कोंब काढला, तपासायला पाठवला. काही वाईट निघालं नाही.

"आणि मूल?" मोर्सिदनं विचारलं. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"होऊ शकतं. गोळ्या देते. पण वचन देत नाही."

मधले डाग थांबले. पाळी मात्र अजूनही कधी अडतीस, कधी चाळीस दिवसांनी येई. होस्निया आता तारखा लिहून ठेवी. आपलं अंग असंच चालतं, हे तिला कळलं होतं, आणि त्या कळण्यानं एक गोष्ट हिरावून नेली होती. पूर्वी पस्तिसावा दिवस उलटला की चार दिवस तरी ती आई असायची. आता अडतिसाव्या दिवशी ती फक्त वाट पाहणारी बाई होती.

हे तिनं एकदा नवऱ्याला सांगितलं. त्यानं विणत असलेली टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "वाट तर मीही बघतो, दीक. दोघांनी मिळून बघू."

पुढच्या वर्षी ईदच्या सकाळी ती पहिल्या ओळीत होती. शेजारणीनं आपली चार महिन्यांची मुलगी दोघींच्या मधे चटईवर निजवली होती. होस्निया सजद्यात कपाळ टेकायला वाकली, तेव्हा त्या पोरीनं तिच्या झग्याची कड मुठीत धरली. नमाज संपली, बायका गळाभेट घ्यायला उठल्या. होस्निया उठली नाही. मूठ आपणहून सुटेपर्यंत ती तशीच बसून राहिली.