ग्रहणाच्या दिवशीचे पडदे

माझी बायको जर्मनीतल्या येना शहरात भिंगांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. ग्रहण बघायचे काळे चष्मे तिनंच घरी आणून ठेवले होते. शनिवारी तिच्या ऑफिसातली मंडळी टेकडीवर जमणार होती आणि आम्हीही जाणार होतो. तिला पाचवा महिना होता, तब्येत छान होती.

त्या आठवड्यात मला घरात काहीतरी खटकायला लागलं. मी खोलीत आलो की ती फोन पालथा ठेवायची. स्वयंपाकघरातली कात्री जागेवर नव्हती. विचारलं, तर म्हणाली, "असेल कुठेतरी." एरवी कढई तापल्यावर कांदा शोधणारी ही बाई शुक्रवारी संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून डब्यात भरत होती.

माझा संशय सरळ सासूबाईंवर गेला. पपई खाऊ नकोस, पोट टोकदार दिसतंय म्हणजे मुलगाच, दुधात केशर घाल म्हणजे रंग उजळेल, असं त्यांचं नागपूरहून सतत चालायचं. ग्रहणात गरोदर बाईनं सुरी-कात्री धरली तर बाळाचा ओठ फाटतो, हेही त्यांनीच तिच्या डोक्यात भरवलं असणार. बायको आंघोळीला गेल्यावर मी त्यांना फोन लावला.

"अहो आई, ग्रहणाचं काही बोललात का तिच्याशी?"

"कसलं ग्रहण? इकडे तर काहीच नाही हो."

मला ते खरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "तू जा. माझी पाठ दुखतेय." मी ट्रामच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि परत फिरलो. दार उघडलं तर सगळे पडदे ओढलेले, आणि ही सोफ्यावर मांडीत हात ठेवून नुसती बसलेली.

"तुझ्या आईनंच सांगितलं ना हे?"

"कुणीच नाही सांगितलं."

"मग तुझा विश्वास आहे यावर?"

"जरासुद्धा नाही." तिनं सोफ्यावरचा पालथा फोन सरळ केला, त्यावर ग्रहणाच्या वेळा होत्या. "मागच्या वेळी बाळ गेलं, तेव्हा तुझ्या आईनं फोनवर पहिलं काय विचारलं, माहितीये? 'ग्रहणात बाहेर गेली होतीस का गं?' त्या महिन्यात ग्रहण नव्हतंच. तरी मी कॅलेंडर काढून बघत बसले होते."

"मला बोलली नाहीस."

"तू म्हणाला असतास, आईला तसं म्हणायचं नव्हतं."

मी नेमकं तेच म्हणणार होतो.

"ग्रहणाला मी घाबरत नाही रे. पण या वेळी काही झालं आणि तो प्रश्न आला, तर मला 'नाही' म्हणता आलं पाहिजे."

मी बूट काढले आणि तिच्याशेजारी बसलो. पडद्याच्या कडेचा उजेड जरासा फिका झाला, मग पुन्हा पहिल्यासारखा. टेकडीवरून तिच्या सहकाऱ्याचा फोन आला, तेव्हा मीच सांगितलं, पाठ दुखतेय तिची.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर माझ्या आईला विचारलं. "मी असं म्हणाले? मला नाही बाबा आठवत," ती म्हणाली आणि लगेच पुण्यातल्या उन्हाबद्दल बोलायला लागली. तिला खरंच आठवत नव्हतं की काय, ते मला आजही कळलेलं नाही.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली, धडधाकट. मदतीला पुण्याहून आई आली. नातीला मांडीवर घेऊन ती तासन्‌तास बसते, अंगाई गाते, तिचं तेलपाणी करते. बायकोचंही सगळं मनापासून करते. पण ती बायकोशी हळू आवाजात बोलायला लागली, की मी लॅपटॉपवरचा हात थांबवतो आणि कान देतो.