थोरल्या दिराशी न बोलणारी मेंबरबाई

ये गं, अशी जवळ ये. लांब खुर्चीत बसून, एक डोळा त्या मोबाइलवर ठेवून आजीला काही विचारायचं, ही काय रीत झाली? आणि विचारतेस तरी काय, तर "आजी, तुला माहीत असलेल्या एखाद्या थोर स्त्रीबद्दल सांग, चार ओळी पुरेत." चार ओळी! माझ्या काकीला चार ओळींत बसवायचं म्हणजे म्हशीला टोपलीखाली झाकायचं. तुझ्या त्या थोर स्त्रियांच्या पुस्तकात विमान चालवणाऱ्या आहेत, डॉक्टर झालेल्या आहेत, तुरुंगात गेलेल्या आहेत. असू देत, मला त्यांचं कौतुकच आहे. पण ओढ्यावर साकव बांधून घेणारी त्यात एकही नाही. म्हणजे पुस्तक लिहिणारा आमच्या मुळशीत पावसाळ्यात कधी आलेला दिसत नाही.

ठेव तो मोबाइल पालथा आणि ऐक.

मी तेव्हा चौथी पास झाले होते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची, सातवीपर्यंतची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. उन्हाळ्यात तो ओढा इतका गरीब की शेळी पाय न भिजवता जाईल. पण ताम्हिणीकडून पाऊस उतरला की तेच पाणी तांबडंलाल होऊन छातीला लागायचं. मुलगे कपडे डोक्याला गुंडाळून, दोर धरून पलीकडे जायचे. मुलींनी काय कपडे डोक्याला गुंडाळायचे? म्हणून मुली घरात. आषाढात घरी बसलेली मुलगी दसऱ्यानंतर शाळेत गेली की मास्तर तिला ओळखायचेच नाहीत. मग ती परत यायची ती कायमची, शेणगोठ्याला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावचे सरपंच. पाचवीत जाते म्हणून मी पुढ्यात उभी राहिले तर मला म्हणाले, "साकव असता तर धाडली असती. साकव न्हाई, तर कशी धाडू?"

साकव म्हणजे लाकडाच्या फळ्यांचा पायपूल, एक माणूस जाईल एवढा. आता तू मला सांग, गावात साकव कोण बांधणार? सरपंच. आणि साकव नाही म्हणून रडतंय कोण? सरपंच! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

आता काकीकडे येते. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. अंगानं काटकुळी, आवाज मात्र असा की वरच्या आळीतली म्हैस तिच्या हाकेनं वळायची. त्या सुमारास पंचायतीत बायका घ्यायच्या असा कायदा आला. चावडीत चार शहाणे बसले आणि त्यांनी विचार केला की बाई घ्यायचीच आहे तर परकी कशाला, घरातली बरी. एक घेतली म्हातारी, एका मेंबरची आई, ठार बहिरी. आणि दुसरी घेतली सरपंचाची भावजय, म्हणजे आमची काकी. एकालाही सुचलं नाही, की अख्ख्या गावात सरपंचाशी बोलू न शकणारी एकच बाई आहे आणि तीच आपण निवडतोय.

तुला हे कळायचं नाही. आमच्याकडे बाई थोरल्या दिरासमोर पदर कपाळाखाली ओढायची आणि त्याच्याशी शब्द बोलायची नाही. जन्मात नाही. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवायचं, आणि बोलायचं मधल्या माणसाकडून. ते मधलं माणूस म्हणजे मी.

"त्यास्नी सांग, कालवण सपलं."

आबा तिथंच पाटावर बसलेले. त्यांना ऐकू गेलेलं असायचं. तरी मी सांगायची, "आबा, कालवण सपलं."

"म्हणावं, चालंल. ताक वाढ."

"काकी, चालंल म्हणत्यात, ताक वाढ."

माझं बालपण यात गेलं. घास तोंडात असला तरी आधी निरोप पोचवायचा.

तर काकी मेंबर झाली. आमचे काका दारात बसून येईल त्याला सांगायचे, "आमची मालकीण सरकारात गेलीया. काय काम असंल तर मागल्या दारानं या." काकी आतून भाकरी थापता थापता ओरडायची, "तुमास्नीच आदी लावीन कामाला!"

पहिल्या सभेला निघताना तिनं माझा हात धरला. "चल. साकवाचं मी काढते, पण त्यास्नी सांगणार कोण?"

चावडीत पुरुष सतरंजीवर. काकी आणि म्हातारी दाराशी घोंगडीवर. विषय निघाला रेडिओचा. चावडीवर रेडिओ घ्यायचा, बाजारभाव कळतील, शेतीची माहिती कळेल. कसले भाव! सगळ्यांना गाणी ऐकायची होती. काकीनं मला कोपर मारलं. "त्यास्नी सांग, रेडिओच्या आदी साकवाचं बगा."

मी उठून म्हणाले, "आबा, काकी म्हणतीया, रेडिओच्या आदी—"

"ही मुलगी कोण?" ग्रामसेवकानं विचारलं. नवा होता, पुण्याकडचा, सायकलवर यायचा, पँट चिखलानं भरलेली असली तरी भाषा मात्र कोरी. "ही सभासद आहे का?"

"माजी पोरगी हाय," आबा म्हणाले.

"मग तिला बाहेर पाठवा. बाई, आपण स्वतः अध्यक्षांना उद्देशून बोला."

काकीनं जीभ चावली. हळूच म्हणाली, "अवं, ते थोरलं दीर हायेत माजं."

"इथं ते दीर नाहीत. इथं ते सरपंच आहेत."

"हितं सरपंच असतील. घरी गेल्यावर पुन्हा दीरच हायेत न्हवं?"

सगळी चावडी हसली. आबांनी खाली बघितलं. मला बाहेर काढलं. मी खिडकीचा गज धरून उभी. काकीनं मग त्या बहिऱ्या म्हातारीच्या कानात साकव, साकव म्हणून पाहिलं. म्हातारीनं कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कंबरेची पिशवी सोडून पान दिलं. रेडिओ मंजूर झाला. ग्रामसेवकानं लिहिलं की महिला सभासदांची हरकत नाही.

हरकत नाही! घरी येताना मी रस्ताभर भांडले. "काकी, तू म्हशीला हाका मारतीस तवा गाव उठतंय. मग आबांशी बोल की सरळ!"

"बोलले असते गं. पर बोलले तर उद्या पानवठ्यावर मला कुणी घागर भरू देईल का? म्हणतील, मेंबर झाली आन् लाज सोडली. मग माजं साकवाचं कोण ऐकंल?"

हे खोटंही नव्हतं. म्हणून तर जास्त राग यायचा.

माझं ते वर्ष घरातच गेलं. शिमगा झाला, रेडिओ आला. तो बघायला तालुक्याचे साहेब जीपमधून येणार असं ठरलं. पारावर खुर्च्या मांडल्या. रेडिओला हार घातला, साहेबाला घातला त्याच्याहून मोठा. रेडिओ खरखर करत होता आणि दोनतीन जण त्याला तिन्ही बाजूंनी थापट्या मारत होते. साहेब चांगला माणूस दिसला. त्यानं विचारलं, "महिला सभासद आल्या आहेत का? त्यांची काही अडचण?"

आबा म्हणाले, "न्हाई साहेब. त्यांची काय बी अडचण न्हाई."

मागं बायकांच्या घोळक्यातून तो आवाज आला, म्हशीला हाक मारायचा. "साहेब!"

पार गप्प. रेडिओसुद्धा गप्प झाला म्हणतात, पण तो आधीच बंद पडला होता.

"साहेब, जरा सरपंचास्नी सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, पावसाळ्यात वढा पोरींची साळा तोडतोय. साकव बांदाया पायजे."

साहेब म्हणाले, "अहो, ते हे काय इथंच बसलेत. तुम्हीच सांगा की."

काकीनं पदर आणखी खाली ओढला आणि खांबासारखी उभी राहिली. ग्रामसेवक साहेबाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला. साहेब हसले. मग खुर्ची वळवून म्हणाले, "सरपंच, या म्हणतात साकव बांधा."

आबा म्हणाले, "म्हणावं, बगू."

साहेब इकडे वळले. "ते म्हणतात, बघू."

"म्हणावं, कवा?"

साहेब तिकडे वळले. "सरपंच, कधी?"

अगं, मी तिथंच होते आणि मला कळलं की माझं रोजचं काम आज जीपवाला साहेब करतोय! पण माझ्यात आणि त्याच्यात फरक होता. मी विचारलं असतं तर आबा म्हणाले असते, "म्हणावं, गप बस." साहेबाच्या तोंडून "कधी" निघालं की ते काकीचं राहत नाही, ते सरकारचं होतं. ग्रामसेवकानं लगेच पेनाचं टोपण उघडलं. सगळा गाव आबांच्या तोंडाकडे बघतोय. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पावसाच्या आदी, साहेब."

मी नंतर काकीला विचारलं, हे तू ठरवून केलंस का? म्हणाली, "ठरवतीया कशाची! समोर दिसला त्येला सांगितलं."

साकव झाला. दोन्ही काठांना दगडी पाया, वर ऐनाची लाकडं, फळ्या, एका बाजूला धरायला तार. गावानं श्रमदान केलं. त्यात बायकांनी दगड वाहिले आणि पुरुषांनी कुठं ठेवायचे ते सांगितलं. काठावर एक दगड बसवला, त्यावर कोरलं की अमुक सरपंचांच्या कारकिर्दीत. काकीचं नाव? छे! काका चिडले तर उलट तीच त्यांना म्हणाली, "दगडावरचं नाव काय चाटायचंय?" मला अजून चाटायचं आहे, पण माझं कोण ऐकतंय.

पाचवीचा आणि सहावीचा पावसाळा मी त्या साकवावरून गेले. फळ्यांखालून पाणी नुसतं उड्या मारायचं. आम्ही मुली एकीमागं एक, डोक्यावरची पानांची इरली सांभाळत जायचो. मला वाटलं, झालं, आता सातवी आलीच.

सहावीचा निकाल लागला. पास होऊन घरी आले, तर आबा जेवता जेवता म्हणाले, "बास झालं आता. पोरगी मोठी झाली. उद्यापास्नं घरात."

आता साकव होता. ओढ्याचं कारण संपलं होतं, तर मोठी झाल्याचं काढलं. पुरुषांना कारण कधी कमी पडतं का? मी ताटाशी रडायला लागले. माझी आजी, आबांची आई, जात्याशी बसलेली, तिनं दळण थांबवलं नाही.

काकी चुलीपुढून उठली. दारात आली. डोईवर पदर होता, पण खाली ओढलेला नव्हता. आणि लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदा ती आबांशी बोलली. सरळ.

"साकव ह्या पोरीसाठी मागितला व्हता. तुमच्या दगडासाठी न्हाई. तिला सातवी करू द्या."

जातं थांबलं. आबांच्या हातात घास तसाच. त्यांनी काकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. आवाज बारीक झालेला. म्हणाले, "तिला सांग—"

मी काही सांगितलं नाही. काय सांगायचं ते ऐकायलाही थांबले नाही. उठून परसात गेले.

आबा हात धुऊन शेतावर गेले. पुढं कित्येक दिवस आजी काकीच्या हातचं पाणी प्यायली नाही. शाळा उघडायच्या दिवशी मी भीत भीत पाटी-दप्तर काढलं. आबा ओट्यावर होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाऊस हाय. साकवावर तार धरून जा."

माझी सातवी झाली ती अशी. पुढचं मी भुकूमला सासरी येऊन, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, मुलांची पुस्तकं चोरून शिकले, तो भाग निराळा.

आणि काकी? तुला वाटेल, ती मग आबांशी बोलायला लागली. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक, "त्यास्नी सांग, च्या झालाय." मी कपाळावर हात मारला. आबा जाईपर्यंत तसंच चाललं. पंचायतीची मुदत संपल्यावर गावानं काकीला पुन्हा विचारलं नाही. पुढची बाई मात्र पारखून घेतली, सरपंचाशी आणि साहेबाशी दोघांशीही न बोलणारी.

तिथं आता सिमेंटचा पूल आहे, गाड्या जातात. पण त्याच्या खालच्या अंगाला आमच्या साकवाच्या पायाचे दगड अजून आहेत, पाणी उतरलं की उघडे पडतात. त्यातले दोन काकीनं डोक्यावरून आणलेले, मला ओळखू येतात. हे गुडघे असे, एकटीला कुणी जाऊ देत नाही, आणि घरात जो तो कामात. तुझ्याकडे गाडी आहे. परीक्षा आहे, सुट्टी नाही असली कारणं सांगू नकोस, कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पुन्हा लवकर ये, मुक्कामाला ये, आणि सकाळी लवकर उठून मला तिकडे घेऊन चल.