सर्व्हरपुढचं गाऱ्हाणं

आमच्या ऑफिसात एक गोष्ट अजून कौतुकाने सांगितली जाते. सामायिक फाईल सेव्ह होत नव्हती, सर्व्हरपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि ती सेव्ह झाली, अशी. परवा एका निवृत्तीच्या समारंभात ती पुन्हा रंगवून सांगितली गेली आणि टाळ्या पडल्या. गाऱ्हाणं घालणारा मीच. गोष्ट खोटी आहे.

कागदाच्या काळात आवक-जावकाचं रजिस्टर हेडक्लार्कच्या टेबलावर दिवसभर उघडं असायचं. ज्याच्यापुढे रजिस्टर, तो मोठा. बाकीच्यांनी समोर येऊन उभं राहायचं. पुढे कॉम्प्युटर आले, फाईल सर्व्हरवर गेली, तरी मी तीच ऐट चालू ठेवली. आल्याबरोबर सामायिक फाईल उघडायची आणि उघडीच ठेवायची. तिच्यात मी एक अक्षर लिहीत नसे. ती आपल्यापुढे आहे एवढंच पुरे. संध्याकाळी स्क्रीनचं बटण दाबायचं आणि घरी जायचं. स्क्रीन काळा झाला की कॉम्प्युटर बंद झाला, एवढं माझं ज्ञान, आणि सर्वांत जुन्या माणसाचं ज्ञान तपासायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

वादळाने किनाऱ्यावरच्या घरांची कौलं उडाली तेव्हा पंचनामे त्या फाईलमध्ये चढवायचं काम कंत्राटावरच्या एका मुलीकडे आलं. ती आचऱ्याहून एस.टी.ने यायची. कंत्राट वाढलं तर पुढेमागे कायम होऊ, या आशेवर मान खाली घालून टाईप करायची. पण सेव्ह करायला गेली की मशीन सांगायचं, फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे, वेगळ्या नावाने ठेवा. तो दुसरा कोण, हे कळायची सोय नव्हती, कारण मशीन बसवणाऱ्या आळशाने सगळ्या मशीनना एकच नाव देऊन टाकलं होतं. शेवटी तिने वेगळ्या नावाने ठेवली. आमच्यातल्या एका हुशाराने ती फाईल जास्तीची समजून पुसून टाकली आणि तसं कोणाला सांगितलंही नाही.

मग एका वाडीतले लोक आले. पंचनामा झाला, पण फाईलमध्ये त्यांची नावं नाहीत. साहेब घाटावरचे, त्यांना कोकणातली हवाच नादान वाटायची. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “हिला सेव्ह करता येत नाही, तर घेतली कशाला?”

“साहेब, मी केलं होतं,” ती म्हणाली. कोणी वर पाहिलं नाही.

त्यानंतर आमची विद्वत्ता उफाळून आली. कोणी म्हणालं खाऱ्या हवेने वायर गंजली, कोणी म्हणालं उंदीर. एकाने सर्व्हरचं तोंड दक्षिणेला असल्याचा शोध लावला आणि तो खरोखर फिरवून ठेवण्यात आला. नेटवर्कवाला फोनवर कंटाळून सांगत होता की कुठल्यातरी मशीनवर फाईल उघडी राहिली आहे, एकेक मशीन बघा. साहेबांनी खुर्चीतूनच विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. मीही म्हटलं. त्या दिवशी मी अजून बटण दाबलं नव्हतं, माझा स्क्रीन तर काळा होता.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा मी बटण दाबलं. फाईल समोर उघडी. मी ती बंद केली आणि कोणी पाहिलं का ते पाहिलं. नोकरीत इतक्या झटपट मी दुसरं काही केलं नाही. मागोमाग वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही, म्हणून त्या दिवशी कोणी पुन्हा सेव्ह करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ आला. इथे गाऱ्हाण्याशिवाय काही हलत नाही, असं कोणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. आमच्या देवदेवस्कीची टिंगल करणारे साहेब बूट काढून उभे राहिले. वयाने मोठा म्हणून गाऱ्हाणं मी घालायचं ठरलं. फाईल कालच मोकळी झाली आहे हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं.

“बा देवा म्हाराजा, ह्या कचेरीत जो काय अडथळो इलो आसा, तो दूर कर म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“कोणाच्या हातून काय चूक झाली आसात, तर ती पदरात घे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” म्हणताना सगळ्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिनेही हात जोडले होते. तीही होय म्हाराजा म्हणाली.

साहेबांनी स्वतः सेव्ह केलं. झालं. फाईल पुसणारा हुशार तिला म्हणाला, “बघलंस मां? देवाक सगळा कळता.”

कंत्राट संपताना साहेबांनी तिच्याबद्दल मला विचारलं. मी म्हणालो, पोर बरी आहे, पण... त्या ‘पण’च्या पुढे काही बोलायची गरजच पडली नाही.

समारंभात तो किस्सा सांगणाऱ्याने “सेव्ह करूक येय नाय ती बाई” असं म्हणून लोकांना हसवलं. दुसऱ्या दिवशी मी आचऱ्याला गेलो. ती तिथे झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाचं काम झालं की स्क्रीन त्याच्याकडे वळवून, फाईल सेव्ह झालेली दाखवते आणि मगच त्याला सोडते. प्रत्येकाला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती कागद लावत ऐकत होती.

“तेव्हा सांगलात असतात, तर माझी नोकरी रवली असती?”

मी हो म्हटलं. हे लिहून काढणार आहे, असंही म्हटलं.

“लिवा. पण माका बिचारी करू नकात,” ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हा लिहितो ते एवढंच. तिला सेव्ह करता येत होतं. फाईल माझ्याकडे उघडी होती.