बाईंच्या मातीला

"मावशी, तुम्ही जरा आत जा. घरच्यांना पुढे येऊ द्या."

बाईंचा पुतण्या म्हणाला. पुण्याहून सकाळीच आलेला. बाई सोप्यात जमिनीवर होत्या. त्यांना शेवटची आंघोळ मी घातली होती. तेव्हा घरचं कुणी नव्हतं.

बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. कुठल्याही बाईच्या देहावर बापाची, नवऱ्याची, देवाची मालकी नाही, असं पुस्तकांत लिहायच्या, चौकात उभ्या राहून बोलायच्या. लोकांनी अंगावर शेण फेकलं, तरी बोलायच्या. मी चौथी पास. कागलकडची. नवऱ्यानं टाकलेली. बाईंनी घरात घेतलं तेव्हा वाटलं, हिला फुकटची मोलकरीण पाहिजे. कैक महिने ट्रंकेला कुलूप घालून झोपायचे. बाई म्हणायच्या, "संशय घे, पण तोंडावर विचार." विचारत गेले. मग त्यांच्याबरोबर मोर्चांना गेले. विधवेच्या बांगड्या फोडायला आलेल्यांच्या आडवी उभी राहिले.

आमच्याकडं बायका मातीला मसणात जात नाहीत. बाई भर सभेत सांगायच्या, मला भटजी नको आणि मला बायकांनीच न्यायचं.

पुतण्यानं भटजी आणला. दारात विस्तवाचं मडकं धुमसत होतं. ते तोच धरणार होता.

मी म्हटलं, "बाईंनी काय सांगितलंय, ते ठावं हाय की तुमास्नी."

"अहो, ती भाषणं होती."

बाईंच्या विद्यार्थिनी फाटकाशी उभ्या होत्या. आता त्याही शिकवतात, लिहितात. मी बघितल्यावर एकीनं मोबाइलात डोकं घातलं. दुसरी कानाशी आली. "आजी, वाद नको. आज तो दिवस नाही."

मग कुठला?

"तुमचं नातं काय?" पुतण्यानं सगळ्यांसमोर विचारलं. मी बोलायच्या आत भटजीला म्हणाला, "घरकामाला होत्या ह्या."

मी बाहेर गेले आणि मडकं उचललं. धरायची सुतळी गरम झाली होती. चालू लागले. घरापासून नदी जवळच.

"अहो मावशी! द्या ते इकडे!" पुतण्या धावला. त्यानं हात घातला, तर भटजीच ओरडला, "हां, हां! उचललेलं मडकं वाटेत हात बदलत नाही!"

नियम त्यांचाच. त्यांनाच नडला.

तिरडी मात्र पुरुषांनीच नेली. मागं वळून बघितलं, विद्यार्थिनी फाटकातच.

पंचगंगेवर चितेला शेणी रचल्या होत्या. तिथला माणूस म्हणाला, "आज्जी, घरचं कोण न्हाय व्हय?"

"मीच हाय की."

अग्नी मी दिला.

आता शोकसभा ठरली आहे. त्याच विद्यार्थिनी घरी आल्या. "आजी, केवढं धाडस केलंत! फोटोला हार तुम्हीच घालायचा." मी चहा दिला, हो म्हटलं नाही. मला पुढं बसवून, हार घालायला लावून गप्प करायचं असेल.

हार मी घालणार नाही. बोलणार आहे. तिरडीला तुमच्यातल्या एकीचाही हात का लागला नाही, हे एकेकीचं नाव घेऊन विचारणार. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.