तिण्णैवर कोण येतं?

तंजावूरहून कुंभकोणमला जाणाऱ्या बसमध्ये त्या बाई रोज मोबाइलवर स्वतःच्या वेबसाइटसाठी पुटपुटत लिहायच्या. आमचीच तंजावुरी मराठी, पण तमिळ अक्षरांत. आदल्या दिवशी त्यांनी आपलं मांजर हरवल्याचं लिहिलं होतं.

त्या दिवशी शेजारचा गृहस्थ डोकावून म्हणाला, “अक्का, हे कोण वाचणार? व्हिडिओ टाका, हजारो बघतील.”

कोणी विचारलं होतं याला? माझं डोकंच फिरलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “घरापुढं ओटा बांधतो न्हवं, तिण्णै? तो येणाऱ्यानं घटकाभर टेकावं म्हणून. माणसं मोजायला नाही!”

तो निर्लज्जपणे हसला. “पण येतं कोण?”

पापनाशमला बाईंची मैत्रीण चढली आणि सीटवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं, “मांजर सापडलं का ग?”