खाडीच्या दिव्याचा काळोख

फुटकी होडी दुसऱ्या होडीला बांधून बबन, माझ्या बायकोचा भाऊ, सकाळी किनाऱ्याला लागला. हात गळ्यात बांधलेला. दारातूनच ओरडला, "भावजी, तुमच्या दिव्यान माका खडकार घातल्यान!"

खाडीच्या तोंडावरचा तो दिवा मीच बसवला होता. मी सातवी शिकलेला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. दिव्याच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला कणकवलीच्या एका इंजिनीअर साहेबाने शिकवलं. दोनदा उजेड, मग चार सेकंद काळोख, ही खाडीची खूण. बाहेरच्या खडकावरचा दिवाही दोनदाच उजळतो, पण त्याचा काळोख आठ सेकंदांचा. होडी हाकणारे आमचे तांडेल घड्याळ बघत नाहीत, तोंडाने मोजतात. त्या रात्री बबनने आठ मोजले. खाडीचा दिवा खडकाचा समजला, तो टाळायला सुकाणू फिरवलं आणि खाडीच्या तोंडाशेजारच्या बिनदिव्याच्या खडकावर गेला.

बायकोने दोन दिवस आधी पडवीतून दिवा बघत सांगितलं होतं. "ओ, काळोख लांबता. आठ मोजूक लागतत."

"तू भराभर मोजतस गो. मी घड्याळ लावन बघितलंय."

"बापाशीच्या होडयेत शिकलंय मी मोजूक. तुमचा घड्याळ खोटा."

मी जागचा हललो नाही.

दिव्याचा बोर्ड कणकवलीला साहेबाकडे नेला. साहेबाने प्रोग्रॅम वाचला. "काळोखात चिप काय करते?"

"चारपर्यंत मोजते. मग बॅटरी तपासते."

"बॅटरी कमजोर असली तर?"

"रीडिंग स्थिर होईपर्यंत परत परत घेते."

"आणि तोवर दिवा बंद?"

दुकानात मी नव्या बॅटरीवर तपासलं होतं. तिकडची बॅटरी थकली होती.

"एकाच माणसाला मोजायला लावलंत आणि बॅटरी बघायलाही," साहेब म्हणाला. "चिपमध्ये हार्डवेअर टायमर आहे. तो वेगळा मोजतो. आकडा भरला की दिव्याची पिन स्वतःच चालू-बंद करतो. प्रोग्रॅम कुठेही अडकू दे."

तसं केलं. मुद्दाम तीच थकलेली बॅटरी लावली. संध्याकाळी बायकोला बंदरावर नेलं. तिने मोजलं, परत मोजलं. "चार," म्हणाली. 'तुझा बरोबर होता' एवढं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

ती वारली त्याला वर्ष झालं. आता म्हणून काय उपयोग?

दिवा बरोबर चालतो. तपासायचं तर थकलेल्या बॅटरीवर तपासा. कोणी चूक दाखवली तर आधी उठून बघून या. बबनचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दर्यात जाणं सुटलं, बसून जाळी शिवतो.