तलाईमन्नारच्या धक्क्यावर नागपूरकर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आपण आपलं काम करत बसावं, ते येऊन साठतात! कोलंबोच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी साहेबलोकांना आगबोटीची तिकिटं काढून द्यायचो, हत्ती दाखवायचो. पण रामेश्वर करून कुणी नागपूरकर लंका बघायला आले, की आमचे सिंहली मॅनेजर डिसिल्वा केबिनमधून ओरडत, "युअर पीपल!" मग मी टोपी घालून, रामेश्वरकडची बोट लागते त्या तलाईमन्नारच्या धक्क्यावर हजर.

*

पहिला किस्सा माझ्या निघण्याचाच. नागपुरातल्या आमच्या महाल भागात कुणी अमरावतीला निघालं तरी हातावर दही ठेवतात. ते चाटून मगच उंबरा ओलांडायचा, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. मी सिलोनची नोकरी धरल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली, "काहून? नागपुरात तिकिटं विकत नाही काय कोणी? समुद्रापार चालला, अन् तेही रावणाच्या गावाले!"

निघताना मी हात पुढे केला. तिनं तो पाहिला आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढे मी घरी पत्रं टाकायचो, उत्तरं धाकट्या भावाची यायची. त्यात आईचा एक शब्द नसायचा. मला ते फार लागायचं.

*

बापूसाहेब नागपूरच्या गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं, आणि बोटीत तर ते डोळे गच्च मिटून बसले होते. कोलंबोत त्यांना समुद्रावर नेलं. लाट यायची, पसरायची, मागे जायची, पुन्हा यायची. बापूसाहेब पगडी काढून हातात घेऊन उभेच! ऊन चढलं, मोटारवाला हॉर्न मारून थकला. शेवटी मी म्हटलं, "बापूसाहेब, निघायचं का?"

"थांब ना गा!" ते हलक्या आवाजात म्हणाले. "कवाचं हे कापडाचं थान उलगडून राहिलं. शेवट पाह्यल्याशिवाय कसं जावं?"

*

एक गुरुजी आले, ते उतरताक्षणी म्हणाले, "मले पहिले जळालेला भाग दाखवा." हनुमानानं जाळलेली लंका कुठेतरी काळी पडलेली असणार, अशी त्यांची पक्की समजूत! डिसिल्वांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "साहेबलोक गरम पाण्याचा नळ मागतात. तुझे लोक राख मागतात!"

गाडी डोंगर चढू लागली. चहाचे मळे, धबधबे, ढग थेट खिडकीत. गुरुजी बाहेर बघत होते आणि मला एकच घोर होता. राख कुठून आणू? बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा पुसला.

"जाळल्यावर जर असं आहे," ते म्हणाले, "तर जाळायच्या आधी काय असंल गा!"

*

नागपूरजवळच्या कुहीकडचे रामाजी धानाचे शेतकरी. कँडीजवळ डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसली आणि त्यांनी मोटार थांबवली. "पाणी पायऱ्या चढून राहिलं का बाप्पा!" म्हणत उतरले, धोतर खोचलं आणि रोवणी चाललेल्या भाताच्या बांधीत शिरून बायांच्या ओळीत रोपं लावू लागले. शेताचा मालक धावत आला. मी घाबरलो. पण रामाजींचा हात बघून मालकच थबकला, आणि थोड्या वेळानं दोघं बांधावर बसून नारळ पीत होते.

"तुम्हाला त्याची भाषा कळली?" मी विचारलं.

"भाषेचं काय काम?" रामाजी म्हणाले. "चिखल तोच हाये."

*

ही मंडळी परत जाऊन इथल्या गोष्टी सांगत, त्या महालातही पोचत असणारच. एकदा असाच धक्क्यावर उभा होतो, आणि नागपूरच्या पार्टीतून आई उतरली!

"तुले भेटाले नाही आली मी," ती म्हणाली. "रामेश्वर झालं, म्हणून इथवर आली."

मी तिला समुद्र दाखवला, डोंगर दाखवले. ती सगळीकडे हात जोडायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचो.

परतीच्या वाटेवर तिनं मोटार थांबवून म्हशीच्या दह्याचं एक मडकं घेतलं. सिलोनात ते रस्तोरस्ती मिळतं. मला वाटलं, प्रवासात खायला घेतलं असेल.

धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला. सगळे चढले. आईनं मडक्यावरचं पान सोडलं आणि म्हणाली, "हात कर."

"अगं आई, निघाली तू आहेस! मी तर इथंच आहे."

"कळते मले तेवढं," ती म्हणाली. "हे तेव्हाचं आहे. चाट लवकर, बोट थांबून राहिली."